ऑर्फियसच्या तीन फ्रेंच फिल्म्स, पण सुरुवात मधलीपासून करा

फ्रेंच कवी-दिग्दर्शक झां कॉक्तोच्या ऑर्फियसवरच्या (ग्रीक पुराणकथेतला कवी-गायक) तिन्ही फिल्म्स एकत्र घेणार असाल तर आधीच सांगते, क्रमाने बघू नका. पहिली 'ब्लड ऑफ अ पोएट', 1930 ला शूट झालेली, तिच्यात स्टोरी अशी नाहीच, कवीच्या तळहातावर तोंड उमटतं आणि बोलायला लागतं, ते तो पुतळ्याला पुसतो तर पुतळाच जिवंत (पुतळा झालीये ली मिलर, पुढे फोटोग्राफर म्हणून गाजलेली), मग आरशात उडी वगैरे. भारी आहे, पण थेट तिथून सुरू केलंत तर झोप येईल नाहीतर चिडाल.

1950 ची 'ऑर्फे' लावा आधी. ग्रीक कथा तीच, मेलेल्या बायकोला पाताळातून परत आणायचं, अट एकच की तिच्याकडे बघायचं नाही. इथे ऑर्फियस त्याच काळातला फेमस कवी, कॅफेतली तरुण पोरं त्याला भाव देत नाहीत, आणि मृत्यू म्हणजे मारिया काझारेस, रोल्स रॉइसमधून फिरणारी, दिमतीला मोटरसायकलवाले. आणि हा बाबा बायकोला सोडून गाडीच्या रेडिओला कान लावून बसतो, कारण त्यावर कवितेच्या ओळींसारखं काहीबाही येत असतं! दुसऱ्या महायुद्धात लंडनहून रेझिस्टन्सला (नाझींविरुद्ध लपून लढणाऱ्या फ्रेंच लोकांना) रेडिओवरून सांकेतिक निरोप जायचे ना, त्यावरून सुचलंय हे, आणि पाताळ म्हणून जे दिसतं ते सें-सीरच्या मिलिटरी अकॅडमीचे खरेखुरे पडके अवशेष. ग्रीक झगेबिगे काही नाही तरी अंगावर येतं.

ट्रिक्स सगळ्या हाताच्या. आरशात हात बुडतो तो पाऱ्यात, हातमोजे आपोआप चढतात ती उलटी चालवलेली फिल्म. कळल्यावरही मजा कमी होत नाही, उलट परत मागे जाऊन बघितलं मी. बायकोकडे न बघण्याचा भाग मात्र चक्क कॉमेडी केलाय, घरातल्या घरात लपाछपी, आणि नजर पडते ती गाडीच्या आरशात. मला जाम आवडलं, सोबत बघणाऱ्याला अजिबात नाही, त्याच्या मते इथे रडायला यायला हवं होतं.

तिसरी 'टेस्टामेंट ऑफ ऑर्फियस', 1960 ची, त्यात सत्तरीतला कॉक्तो स्वतःच हिंडतो, ले बो द प्रोव्हान्सच्या दगडखाणींत, मध्येच हॉलिवूडचा नट युल ब्रायनर, मध्येच चित्रकार पिकासो. थोडी आपल्याच दोस्तांसाठी काढल्यासारखी वाटते. पण 'ऑर्फे'तली पात्रं येऊन त्याच्यावरच खटला चालवतात तो सीन बघाच, फक्त आधी 'ऑर्फे' बघितलेली हवी, नाहीतर समोर बसून प्रश्न विचारणारी ही बाई कोण तेच कळणार नाही.