उनो की युएसबीएएसपी? एव्हीआर चिपसाठी घरचा प्रोग्रॅमर

एटीटायनी८५ किंवा एटीमेगा८ या एव्हीआर मायक्रोकंट्रोलर चिपमध्ये (एका चिपमधल्या छोट्या संगणकात) कोड टाकायला घरच्या घरी दोन वाटा आहेत: आर्डुइनो उनो हा तयार बोर्ड, किंवा युएसबीएएसपी हा स्वतः जोडायचा यूएसबी प्रोग्रॅमर. आर्डुइनो उनो हाताशी असेल तर काम चटकन होतं: त्यात ‘आर्डुइनो आयएसपी’ स्केच (प्रोग्रॅम) चढवायचं, पिन ११, १२, १३ चिपच्या मोसी, मिसो, एससीके या डेटा-क्लॉकच्या पिनांना आणि १० रीसेटला जोडायची. मग उनोच्या रीसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. तो विसरलात, तर पोर्ट उघडताच उनो स्वतःच रीसेट होतो आणि तुमच्या कमांड त्याच्याच बूटलोडरला (सुरू होताना नवा कोड स्वीकारणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला) जातात.

युएसबीएएसपी म्हणजे सोल्डरिंग आलं: एटीमेगा८, १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, दोन झेनर डायोड, मूठभर रेझिस्टर. गंमत म्हणजे त्या एटीमेगात फर्मवेअर टाकायलाही आधी प्रोग्रॅमर लागतोच, तेव्हा उनोला सुट्टी नाही! शिवाय कोरी एटीटायनी८५ फक्त १ मेगाहर्ट्झवर धावते. युएसबीएएसपीवर स्लो क्लॉकचा जंपर (डेटाचा वेग कमी करणारी जोडणी) लावल्याशिवाय ती बहुधा दाद देत नाही.

एखाद-दुसऱ्या चिपसाठी उनोच बरा. रोजचं काम असेल तर मात्र मी युएसबीएएसपीच बनवेन, ब्रेडबोर्डवरच्या सुटणाऱ्या वायरी कोण सांभाळत बसणार? रीसेट पिन फ्यूजने (चिपमधल्या सेटिंगने) बंद झालेली चिप मात्र दोघांच्याही हाताबाहेरची. तिला १२ व्होल्टचा प्रोग्रॅमर लागतो.