फॉल कलर्सच्या घाईत गेलेले १,११० डॉलर

ऑक्टोबर जवळ आला की अमेरिकेतल्या आपल्या प्रत्येक ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो, यंदा फॉल कलर्स, म्हणजे पानगळीआधी रंग बदललेली झाडं, बघायला कुठे जायचं? मागच्या वर्षी मीही तो विचारला आणि माझी फसवणूक तिथूनच सुरू झाली. दुसऱ्या कुणाच्या आई-बाबांवर ती वेळ येऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आई-बाबा भारतातून सहा महिन्यांसाठी आले होते. बाबांना झाडांचं वेड. कॅलेंडरवर पाहिलेले लाल-केशरी डोंगर एकदा तरी प्रत्यक्ष बघायचे, असं ते तिकडे असल्यापासून म्हणत होते. व्हर्जिनियातल्या डोंगरांत रंगांचा बहर साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून महिनाअखेरपर्यंत असतो. नोकरी सांभाळून जायचं तर हातात दोन वीकेंड. त्यात बाबांचे गुडघे दुखतात. ग्रुपवर मी हे सगळं लिहिलं: किती माणसं, कोणत्या तारखा, वडिलांना पायऱ्या नकोत, खिडकीतून डोंगर दिसला तर फारच छान, आणि चांगल्या केबिन सगळीकडे भरल्या आहेत.

तासाभरात एकाचा मेसेज आला. ब्लू रिज पार्कवे या डोंगरातल्या रस्त्यापासून काही मिनिटांवर त्याची केबिन होती, एकही पायरी नसलेली. आमच्याच तारखांचं बुकिंग कालच रद्द झालं म्हणे. तेव्हा मला नशीब वाटलं. आता कळतं की त्याची केबिन माझ्या प्रश्नातल्या शब्दांवरूनच तयार झाली होती. मी जे जे मागितलं ते ते त्याच्याकडे होतं आणि त्याहून एकही गोष्ट जास्त नव्हती.

आसपास रात्रीचे साडेतीनशे-चारशे डॉलर चालले होते, हा २१० म्हणाला. तीन रात्रींचे ६३०, साफसफाईचे १२०, परत मिळणारं डिपॉझिट ३०० आणि 'पार्कवेचा सीझन परमिट' ६०. एकूण १,११०. कार्ड चालणार नाही, बँकेच्या ॲपमधून थेट पाठवा. व्हिडिओ कॉल करूया म्हटलं, तर डोंगरात रेंज नाही म्हणाला. तिथे खरोखरच बऱ्याच ठिकाणी रेंज नसते, त्यामुळे मला शंका आली नाही. माझ्या नावाचा करारही आला, रद्द करण्याच्या अटींसकट. "बाबांचे गुडघे कसे आहेत?" हेही तो दोनदा विचारून गेला. त्या विचारपूशीने मी विरघळले. नवरा म्हणाला, एक रात्र थांब, उद्या पाठवू. पण रात्री दहाला मेसेज आला की दुसरं एक कुटुंब पूर्ण पैसे भरायला तयार आहे. मी त्याच मिनिटाला पैसे पाठवले.

त्या परमिटबद्दल नीट सांगते, कारण इथे नवीन माणूस हमखास गोंधळतो. शेनान्डोआ नॅशनल पार्कमधून जाणारा स्कायलाइन ड्राइव्ह हा १०५ मैलांचा रस्ता आहे. तो फ्रंट रॉयलला सुरू होतो आणि रॉकफिश गॅपला संपतो. त्याला प्रवेश फी आहे, एका गाडीला ३० डॉलर, सात दिवसांसाठी. ती गेटवर भरता येते. रॉकफिश गॅपलाच पुढे ब्लू रिज पार्कवे सुरू होतो आणि ४६९ मैल चालत नॉर्थ कॅरोलिनात चेरोकीजवळ संपतो. या पार्कवेला प्रवेश फी अजिबात नाही. सीझन कुठलाही असो, तुमच्या खासगी गाडीला तिथे परमिट लागत नाही. ही एवढी गोष्ट मी नॅशनल पार्क सर्व्हिसच्या साइटवर वाचली असती, तरी तो माणूस खोटा आहे हे त्या ६० डॉलरवरूनच कळलं असतं.

शनिवारी सकाळी निघालो. फ्रंट रॉयलच्या गेटवर गाड्यांची लांब रांग होती, पण आत शिरल्यावर सगळा शीण गेला. ताशी ३५ मैलांची मर्यादा, त्यामुळे गाडी आपोआप रमतगमत चालते. उंचावर मेपल आणि ब्लॅक गम लालभडक, मध्ये हिकरी पिवळ्याधमक, आणि खाली दरीत अजून हिरवंच. रंग आधी माथ्यावर येतो आणि दिवसागणिक खाली उतरतो, हे तिथे डोळ्यांसमोर पट्ट्यापट्ट्यांनी दिसतं. बाबा प्रत्येक थांब्यावर उतरून माहितीफलकावरची झाडांची नावं छोट्या वहीत देवनागरीत उतरवून घेत होते. हिरवा रंग ओसरला की मुळातच पानात असलेला पिवळा दिसू लागतो, लाल मात्र बऱ्याच झाडांत याच दिवसांत नव्याने तयार होतो, हे मी सांगितलं तर त्यांनी तेही लिहून घेतलं. इतक्या आनंदात मी त्यांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

रॉकफिश गॅपला पोचेपर्यंत अंधारलं होतं. दिलेल्या पत्त्यावर गेलो. घर होतं, दिवाही होता. पण पत्रपेटीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून चिकटपट्टीने लावलेला एक कागद होता. मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, हे घर भाड्याने मिळत नाही, तुमची फसवणूक झाली आहे, माफ करा. गाडीच्या उजेडात तो मी दोनदा वाचला. सत्तरीच्या पुढच्या एक बाई बाहेर आल्या. त्या महिन्यात त्यांच्या दारात आलेलं आमचं तिसरं कुटुंब होतं. त्यांनी आई-बाबांना आत बसवलं, पाणी दिलं, बाथरूम वापरू दिलं. स्वतःच्या घराचा पत्ता दुसऱ्याने वापरला याची लाज त्यांनाच वाटत होती. त्या केबिनवाल्याचा फोन तोवर बंद झाला होता.

आई गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाली, "आधी जेवायचं बघूया गं." रात्री अकराच्या सुमारास महामार्गाच्या कडेला एक खोली मिळाली, चौघांना मिळून एकच. तिथे बाबांनी माझ्या फोनवर केबिनचे फोटो मागून घेतले. बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "ही पांढऱ्या खोडाची झाडं आज दिवसभरात कुठे दिसली नाहीत."

खरंच होतं. फोटोत खिडकीबाहेरचा अख्खा उतार पांढऱ्या खोडांच्या, सोन्यासारख्या पिवळ्या झाडांनी भरलेला होता. ती अ‍ॅस्पेन. असे सलग पिवळे उतार रॉकी पर्वतातले, व्हर्जिनियाच्या या डोंगरांत ओक, हिकरी, मेपल अशी मिसळ असते. सकाळी तो फोटो इंटरनेटच्या शोधात टाकून आणखी कुठे आहे हे पाहिलं, तर कोलोराडोतल्या एका केबिनच्या जाहिरातीत सापडला. मला दोन मिनिटं लागली. पैसे पाठवण्याआधीही दोनच लागली असती.

बँकेने हात वर केले. पैसे मी स्वतः पाठवले होते, म्हणजे त्यांच्या लेखी व्यवहार माझ्या संमतीचा. क्रेडिट कार्डाने भरले असते तर सेवा मिळाली नाही म्हणून त्या रकमेवर हरकत घेता आली असती. बिल आल्यापासून ६० दिवसांच्या आत लेखी कळवायचं असतं. म्हणूनच हे लोक कार्ड टाळतात. कार्ड नको म्हणणाऱ्या अनोळखी घरमालकाशी पुढचं बोलणंच करू नका, मग तो कितीही गोड बोलो. आणि पत्ता मिळाला की त्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, मालमत्ता नोंदींमध्ये टाकून बघा. बहुतेक ठिकाणी या नोंदी ऑनलाइन आणि फुकट असतात, मालकाचं नाव दिसतं. आमच्या पत्त्यावर त्या बाईंचंच नाव होतं.

शेरिफच्या कार्यालयात तक्रार दिली. ऑनलाइन गुन्ह्यांच्या तक्रारी घेणाऱ्या एफबीआयच्या आयसी-थ्री या साइटवर आणि ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनकडेही नोंदवली. पैसे मिळाले नाहीत, पण तक्रार करा. त्या बाईंनी सांगितलं की आधीच्या दोन कुटुंबांनी ती केलीच नव्हती.

ग्रुपवर विचारायचं असेल तर जरूर विचारा, पण तारखा, घरातल्यांची दुखणी आणि आपली अडचण तिथे मांडू नका. आणि स्वतःहून मेसेज करणाऱ्याला काहीच देऊ नका.

मी हे आज लिहायला बसले त्याचं कारण वेगळं आहे. काल एका मैत्रिणीने तिच्यासाठी आलेली जाहिरात मला पाठवली. राज्य व्हरमाँट, मालकाचं नाव दुसरं, भाडं २२५. खिडकीबाहेर तीच पांढरी खोडं, आणि खाली लिहिलेलं, फक्त एकच वीकेंड शिल्लक.