टचडाउननंतर: एक गुण की दोन?

एनएफएलमध्ये (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) टचडाउनचे, म्हणजे चेंडू समोरच्या संघाच्या एंड झोनमध्ये (मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात) नेल्याचे, 6 गुण मिळाले की संघापुढे दोन पर्याय असतात: खांबांमधून किक मारून 1 गुण किंवा आणखी एक डाव खेळून 2.

किकसाठी चेंडू गोलरेषेपासून 15 यार्डांच्या रेषेवर ठेवतात. 2015 पासूनचा हा नियम. त्याआधी तो 2 यार्डांवर असे. गोलरेषेमागचा एंड झोन 10 यार्ड (खांब त्याच्या मागच्या कडेला) आणि स्नॅप, म्हणजे डाव सुरू करताना मागे दिलेला चेंडू, मागे जातो ते 8 धरले तर किक 33 यार्डांची होते. बहुतेक वेळा 1 गुण मिळतोच. चुकते ते नेम हुकल्याने, स्नॅप वाकडा आल्याने, होल्डरच्या (किकसाठी चेंडू धरणाऱ्या खेळाडूच्या) हातून चेंडू निसटल्याने किंवा बचावाच्या उंच हातांमुळे.

दोन गुणांसाठी 2 यार्डांवरून एकच डाव, धाव किंवा पास. यश साधारण निम्म्या वेळा. मागे मोकळी जागा थोडी, म्हणून बचाव दाटून उभा राहतो आणि लांब पास उपयोगाचा नसतो.

शेवटच्या मिनिटांत 14 गुणांनी मागे असाल तर पहिल्याच टचडाउननंतर दोनसाठी जावं, असं आमचं ठाम मत. जमलं तर पुढचा टचडाउन आणि साधी किक सामना जिंकून देते. हुकलं तरी दुसऱ्या टचडाउननंतर पुन्हा दोन मिळवून बरोबरी साधता येते. दोन्ही वेळा किकच मारली तर फार तर जादा वेळ.