खाडा पडल्यावर काय? रोजच्या चालण्याच्या चार आधारांची तुलना

आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं आणि त्याच्या चौकोनांत दुधाचे खाडे मांडलेले असतात. दूध आलं याची नोंद कुणी करत नाही. आलं नाही त्या दिवशी तेवढी फुली. रोजच्या चालण्याकडे मी याच फुलीवरून बघायला शिकले. रक्ततपासणीत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारा आकडा) ५.७ ते ६.४ टक्क्यांच्या मध्ये आलं, म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, आणि डॉक्टर म्हणाले ‘रोज चाला’, की पहिला पंधरवडा सगळेच चालतात. तेव्हा कोणताही उपाय चालतो. पाहुणे येतात, ताप येतो, मुलांची परीक्षा असते आणि पहिला खाडा पडतो, तेव्हा कोणता आधार आपल्याला परत चपलेपर्यंत नेतो? निवड करायची ती यावर करावी, असं माझं ठाम मत आहे. मी चारही आधार वापरून पाहिले आहेत.

फोन किंवा मनगटावरचं घड्याळ

याचा पहिला उपकार मोठा आहे: आपण समजतो त्यापेक्षा किती कमी चालतो ते कळतं. त्यासाठी वेगळं घड्याळ घ्यायलाच हवं असं नाही, खिशातला फोनही पावलं मोजतो. फक्त तो ओट्यावर ठेवून घरभर केलेली ये-जा त्यात येत नाही, हे बायकांनी विशेष लक्षात ठेवावं.

दहा हजार पावलांचं दडपण मात्र घेऊ नका. १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं. त्याचं नाव होतं ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. आकडा त्या नावातून जगभर गेला, कुठल्या डॉक्टरच्या चिठ्ठीतून नाही. आठवडाभर आपली सरासरी बघा आणि तीत हजारभर पावलं वाढवा.

खाड्याच्या दिवशी मात्र हा आधार कच्चा पडतो. बरीच ॲप्स सलग दिवस मोजतात आणि एक दिवस चुकला की आकडा शून्यावर आणतात. चाळीस दिवसांची मेहनत पुसलेली पाहून मी तेव्हा आठवडाभर बाहेरच पडले नाही. खरं तर ते शून्य चुकीचं आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांच्या नव्या सवयींचा १२ आठवडे मागोवा घेतला. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात, असं त्यात दिसलं. कुणाला १८ पुरतील, तर कुणाला २५४ लागतील, एवढा फरक. आणि अधूनमधून एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात म्हणावा असा अडथळा आला नाही. आकड्यांची आवड असेल तर घड्याळ जरूर वापरा, सलग दिवसांची मोजणी तेवढी बंद करा.

सोबती

पुण्यात पहाटे पर्वतीच्या पायऱ्या चढणाऱ्यांना विचारा. रोजचे चेहरे ठरलेले असतात आणि कोण आलं नाही हे लगेच लक्षात येतं. डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ रोजी मुंबईतल्या एका बागेत पाच जणांना घेऊन हास्य क्लब सुरू केला. असे क्लब पुढे गावोगावी का पसरले, याचं उत्तर मला तिथल्या माणसांतच दिसतं.

खाड्यावर याच्याइतका चांगला इलाज दुसरा नाही. ‘काल दिसला नाहीत, बरं आहे ना?’ एवढा एक फोन पुरतो. अंधारात एकटीने बाहेर पडायची धास्ती वाटणाऱ्या कितीतरी बायकांसाठी तर गट असेल तरच पहाटेचं चालणं शक्य होतं. पण जोडी दोघांचीच नको. एक जण लेकीच्या बाळंतपणाला गेली की दुसरीचंही चालणं थांबतं. चार-पाच जण हवेत.

दोन गोष्टी सांभाळा. गप्पांत वेग पडतो. बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, असा श्वास चालायला हवा. आणि नंतरचा चहा! साखर उंबरठ्यावर असेल तर तो बिनसाखरेचा, नाहीतर नुसता बाकावर बसून गप्पांचा कार्यक्रम करा. पाळीची नोकरी असणाऱ्यांना मात्र गटाची ठरलेली वेळ जमणं कठीण.

जिमची फी

‘पैसे भरले की जावंच लागेल’ हा हिशेब फारसा खरा ठरत नाही. अमेरिकेतल्या एका अभ्यासात महिन्याला ७० डॉलरहून जास्त भरणारे सभासद महिन्यातून सरासरी ४.३ वेळाच गेले. एका फेरीला १७ डॉलरहून अधिक पडले, आणि दहा फेऱ्यांचा पास घेतला असता तर १० डॉलरच पडले असते. भरलेली रक्कम खाड्याच्या दिवशी गप्प असते. यंत्रं आणि शिकवणारा माणूस खरंच हवा असेल तरच जा, आणि वर्षाची सवलत कितीही मोठी असली तरी आधी एकच महिना भरा.

नेम आणि शतपावली

आपल्याकडे आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत चातुर्मासाचा नेम धरतात. कुणी कांदा-लसूण सोडतं, कुणी रोज पोथी वाचतं. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याचा, पण याची रचना मला विलक्षण शहाणी वाटते. नेम लहान असतो, घरात सगळ्यांना माहीत असतो आणि त्याला शेवट असतो, उद्यापन असतं. ‘आयुष्यभर चालेन’ म्हणताना छाती दडपते, ‘कार्तिकीपर्यंत’ म्हणता येतं. चार महिने म्हणजे त्या ६६ दिवसांच्या जवळजवळ दुप्पट.

त्यात हा काळ पावसाचा. गटाचं चालणं नेमकं तेव्हाच मोडतं, आणि शतपावली गॅलरीत, जिन्याखाली, पार्किंगमध्ये कुठेही होते. जेवण रोज होतंच, त्यामुळे आठवण वेगळी ठेवावी लागत नाही. जेवणानंतर चालताना स्नायू रक्तातली साखर वापरतात, हा अधिकचा फायदा. दोन्ही जेवणांनंतर पंधरा-पंधरा मिनिटं धरली तर आठवड्याला २१० मिनिटं होतात. जागतिक आरोग्य संघटना मध्यम गतीची किमान १५० सांगते. म्हणून पहिली तीन-चार मिनिटं सावकाश, मग जरा पाय उचलून. साखर कमी करणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर वेळ डॉक्टरांना विचारून ठरवा.

उणीव एकच: व्रताचा नेम मोडला की मनाला टोचणी लागते, आणि ती टोचणी चालण्यालाही चिकटते. म्हणून खाड्याचा नियम नेम धरतानाच ठरवा. माझा असा आहे: दुसऱ्या दिवशी दुप्पट चालायचं नाही, फक्त परत चालायचं, आणि आजारपण सोडून सलग दोन फुल्या नकोत.

एकटे राहत असाल तर आधी सोबती शोधा. घरात माणसं आणि कामाच्या वेळा वाकड्या असतील तर नेम धरा. मी नेम धरला आहे आणि थंडी पडली की त्याला गट जोडते. घड्याळ आठवड्यातून एकदा बघते.

गेल्या महिन्याच्या पानावर दुधाचे दोन खाडे आहेत आणि चालण्याचे पाच. त्यातले तीन सलग, तापाचे. चौथ्या दिवशी रात्री जेवण झाल्यावर गच्चीत दहा मिनिटं चालले.