फोटो बघितले, मशीन मोजल्या नाहीत

गोव्यातल्या साखळी गावात आम्ही काही निवृत्त शिक्षक दर महिन्याला थोडे पैसे बाजूला काढतो. एका संस्थेचे सेक्रेटरी आमच्याकडे आले. सत्तरी तालुक्यातल्या एका वाड्यावर बायकांसाठी शिवणवर्ग काढायचा होता. बारा मशीन, सहा महिने शिकवणी. माणूस बोलायला गोड. संस्थेच्या खात्याचं केवायसी अडकलंय म्हणाले, म्हणून मी माझे 18,000 रुपये थेट त्यांच्याच नंबरवर यूपीआयने पाठवले. इथेच माझं चुकलं. सहीशिक्क्याची पावती आली आणि मी निर्धास्त झालो.

दर महिन्याला व्हॉट्सअॅपवर फोटो यायचे. ओळीने मशीन, वाकून शिवणाऱ्या बायका, मागे बॅनर. बॅनरवरची तारीख दर वेळी नवी. आम्हीही अंगठ्याचे इमोजी टाकून मोकळे. पाचव्या महिन्यात बायको म्हणाली, "अहो, मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर अजून जूनवरच कसं?"

दुसऱ्या दिवशी वाळपईची बस धरली, पुढे रिक्षा. वर्ग भरायचा म्हणे त्या देवळाच्या सभागृहाला कुलूप. अंगण झाडणारी बाई म्हणाली, "मशिनां एक दीस हाडलीं, फोटो काडले, सांजे व्हेलीं." (एक दिवस आणली, संध्याकाळी परत नेली.) शिकवायला कोण येतं, विचारलं तर हसली.

मग कागद बघायला बसलो (आधी बसायला हवं होतं, कळतंय). पावतीवर 80जीचा, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीच्या कलमाचा, नंबर होता, पण नुसत्या पावतीवर करसवलत मिळत नाही. 2021-22पासूनच्या देणग्यांची नोंद संस्थेने आयकर खात्याकडे करून 10बीई प्रमाणपत्र द्यायचं असतं, तेही पुढच्या 31 मेपर्यंत. माझं आलंच नव्हतं. येणार कसं, पैसे संस्थेच्या खात्यात गेलेच कुठे! नोंदणीकृत सोसायटीला दरवर्षी कार्यकारिणीची यादी निबंधकाकडे द्यावी लागते आणि 1860च्या सोसायटी नोंदणी कायद्यातल्या कलम 19नुसार तिथले कागद फी भरून कोणालाही बघता येतात. आता आमच्यातला एकजण आधी ते बघून येतो, पैसे फक्त संस्थेच्या खात्यात जातात, मशीनची बिलं मागतो आणि न कळवता वाड्यावर जातो.

सेक्रेटरींना फोन केला तेव्हा त्यांचा आवाज दुखावलेला. "सर, तुमचा विश्वास नाही?" रात्री आणखी चार फोटो आले. कॅलेंडर तेवढं कापलेलं होतं.