काउंटर-स्ट्राइक १.६ : कित्येक महिने पुन्हा खेळल्यानंतरचा अनुभव

काउंटर-स्ट्राइक १.६ हा दोन टीमनी एकमेकांवर गोळ्या झाडायचा जुना ऑनलाइन गेम. आम्ही सगळे ज्याला जोडून तो खेळतो, तो आमचा नेहमीचा भाड्याचा सर्व्हर गेल्या महिन्यात एका रात्री ऐन राउंडमध्ये बंद पडला आणि पुढे बरेच दिवस उठलाच नाही. भाडं आगाऊ भरलेलं होतं. होस्टिंगवाल्या कंपनीकडे तक्रार टाकली की दोन ओळींचं ठरीव उत्तर यायचं आणि तक्रार आपोआप बंद व्हायची. आमचा ॲडमिन नोकरदार माणूस, सर्व्हरचं भाडं स्वतःच्या पगारातून भरतो, आणि जेवणाच्या सुट्टीत या लोकांशी भांडत बसायचा. त्या संतापात हे लिहायला घेतलंय. नेटकॅफेत ताशी पैसे मोजून ज्यांनी डस्ट-टू हा त्याचा मॅप (मैदान) खेळलंय त्यांना हा गेम समजावून सांगायला नको. आज तो पुन्हा सुरू केला तर वाट्याला काय येतं, एवढंच सांगतो.

आधी पैशांचं बोलू. पेनड्राइव्हवरून हातोहात फिरणारी फुकट कॉपी असताना मी स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातून सेलमध्ये मूळ प्रत घेतली. "वीस वर्षांच्या जुन्या गेमला कोण पैसे देतं?" हे घरी ऐकलं, मित्रांकडूनही ऐकलं. माझा हिशेब सरळ होता. काउंटर-स्ट्राइक २ फुकट आहे, पण तो नीट चालवणारं मशीन फुकट येत नाही. १.६ चं इंजिन मूळचं १९९८ च्या हाफ-लाइफचं, त्यामुळे वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या माझ्या जुन्या लॅपटॉपवर तो सेकंदाला शंभर फ्रेम सहज देतो. नवीन मशीनचे पैसे वाचले, त्यापुढे गेमची किंमत किरकोळ.

आता मुख्य तक्रार. ती गेमच्या वयाबद्दल नाही, ग्राफिक्सबद्दलही नाही. ती गेममध्ये दिसणाऱ्या सर्व्हरच्या यादीबद्दल आहे.

यादी उघडली की पहिल्यांदा आनंद होतो. ३१/३२, ३०/३२ खेळाडू, पिंग (सर्व्हरशी बोलायला लागणारा वेळ) कमी, डस्ट-टू चालू. आत शिरलं की कळतं की तिथं कुणीच नाही. दाखवलेले खेळाडू खोटे, किंवा सर्व्हरच खोटा आणि तुम्हाला लगेच तिसऱ्याच ठिकाणी ढकलून देणारा. तिथं पोचताच स्क्रीनभर जाहिरात, कानठळ्या बसवणारं गाणं आणि व्हीआयपीचे दर. पैसे भरा आणि पहिल्याच राउंडला ऑप (महागडी स्नायपर रायफल) घ्या. गेममधल्या ८०० डॉलरवर पहिला, पिस्तुलाचा राउंड खेळायचा, हरलो तर पुढचा राउंड पोटाला चिमटा काढून काढायचा, ही या गेमची अर्धी अक्कल आहे. ती विकायला काढली तर उरतं काय?

तरी इथपर्यंत मी सोसलं असतं. त्यापुढचा प्रकार मात्र मला अजून सहन होत नाही. यातले काही सर्व्हर तुमच्या कॉन्फिग फाइलमध्ये, म्हणजे बटणं आणि सेटिंग जिथं साठवलेली असतात त्या फाइलमध्ये, हात घालतात. या इंजिनात सर्व्हर खेळाडूच्या कन्सोलला (आज्ञा टाइप करायच्या खिडकीला) आज्ञा पाठवू शकतो आणि गेम ती मुकाट्याने पाळतो. ही सोय मॉड (गेममध्ये फेरबदल) बनवणाऱ्यांच्या कामाची होती. तिचा वापर होतो तो असा, की तुमचं नाव बदलून सर्व्हरचा पत्ता लावायचा, एखाद्या बटणावर त्याच सर्व्हरला जोडण्याची आज्ञा बसवायची, कधी रेट (माहिती येण्याजाण्याचा वेग) पाडून ठेवायचा म्हणजे दुसरीकडे कुठेही खेळलं तरी अडखळल्यासारखं वाटावं. गेम बंद करून चालू केला तरी ते तसंच, कारण ते फाइलमध्ये लिहिलं गेलेलं असतं. माझ्या ग्रेनेडच्या बटणावर एकदा असंच झालं. बी साइटवर (बॉम्ब लावायच्या जागेवर) ग्रेनेड काढायला गेलो आणि चालू सामन्यातून उचलून भलत्याच सर्व्हरवर आदळलो. आपल्या पैशांनी घेतलेला गेम, आपल्या घरातलं मशीन, आणि त्यात कुणीतरी न विचारता लिहून जातो! हा माझ्या लेखी घरात घुसण्याचाच प्रकार आहे.

स्टीमच्या आवृत्तीत यावर उपाय आहे. फिल्टर-स्टफ-सीएमडी नावाची सेटिंग १ केली की बाहेरून येणाऱ्या अशा बहुतेक आज्ञा अडवल्या जातात. ती आपली आपण चालू करावी लागते, आणि कन्सोल न उघडणाऱ्या नव्या पोराला तिचं नावही माहीत नसतं. पेनड्राइव्हच्या जुन्या कॉपीत तर हे संरक्षणच नसतं, तिथं लोक कॉन्फिग फाइल रीड-ओन्ली करून भागवतात. मूळ प्रतीचे पैसे माझ्यासाठी या एका सेटिंगमध्ये वसूल झाले.

खेळाबद्दल फार लिहीत नाही. एके-४७ ची पहिली गोळी आजही तितकीच खरी आहे, डस्ट-टूच्या जाड-पातळ दारांतून आरपार मारण्याची मजा तीच. एक सांगतो. गोळ्या लागत नाहीत असं वाटलं तर दरवेळी तुमच्या इंटरनेटला दोष देऊ नका. सर्व्हरची कमाल अपडेट-रेट, म्हणजे तो खेळाडूला ताजी स्थिती किती वेळा कळवतो ती, मुळात सेकंदाला ३० असते आणि कित्येक जण ती तशीच ठेवतात. जाणता ॲडमिन ती १०० च्या वर नेतो, आणि फरक पहिल्याच राउंडला हाताला कळतो.

सुरुवातीच्या काही आठवड्यांनंतर माझं मत असं होतं की हा गेम आता फक्त आठवणींपुरता आहे, पैसे घालू नका. मग एका सर्व्हरवर रात्री उशिरा दहा-बारा माणसं सापडली आणि मत बदललं.

सुरुवातीला सांगितला तो, पुढे बंद पडलेला सर्व्हर हाच. इचलकरंजीचा एक जण यंत्रमागाची रात्रपाळी नसेल तेव्हा येतो. जळगावचा एक ऑपवाला, बोलत काहीच नाही, पण डस्ट-टूच्या लाँग या लांब वाटेवर उभा राहिला की समोरच्या टीमने शॉर्ट ही जवळची वाट धरायची हे ठरलेलं. दुबईहून दोघं येतात, त्यांचं दीड तास मागचं घड्याळ सांभाळून सामने लावले जातात. जवळपास सगळे चाळिशीकडे झुकलेले. पोरांना झोपवून येतात, हेडफोनवर हळू आवाजात बोलतात. ढाल घ्यायला बंदी, व्हीआयपी नाही, शिवी दिली तर ॲडमिन आधी समज देतो आणि मग काढतो. मॅप बदलताना मतदान होतं, आणि असॉल्ट हा मॅप लावायचा की नाही यावर दर आठवड्याला तोच वाद. मला हा वाद फार आवडतो. वाद घालायला माणसं आहेत, तोवर सर्व्हर आहे.

नव्या खेळाडूला वागवण्यात मात्र आमचे लोक कमी पडतात. मध्यंतरी एक कॉलेजचा मुलगा यायचा. स्प्रे (सलग गोळीबार) सांभाळता येईना, तर त्याला "जा, आधी बॉटशी खेळ", म्हणजे कॉम्प्युटरच्या खेळाडूंशी खेळ, असं ऐकवलं गेलं. तो परत आला नाही. यादीतल्या खोट्या सर्व्हरांचा चिखल तुडवून एखादा आपल्यापर्यंत पोचतो, त्याला आपणच हाकलायचं? मी हे सर्व्हरवर बोललो आहे, इथंही लिहितो. ज्याला पटत नसेल त्याने हा गेम पुढे कुणाबरोबर खेळणार ते सांगावं.

आता सर्व्हर बंद पडला त्याचं पुढे काय झालं ते. कंपनीने शेवटपर्यंत दाद दिली नाही. ॲडमिनने मुंबईत एक साधा व्हीपीएस (इंटरनेटवरचं भाड्याचं मशीन) भाड्याने घेतला, त्यावर री-एचएलडीएस हे गेम-सर्व्हर चालवणारं सॉफ्टवेअर बसवलं, बॅनची यादी आणि मॅप हलवले. खर्च पूर्वीपेक्षा कमी येतो आणि पिंगही बरा आहे. पण आयपी (सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता) बदलला. या गेममध्ये नेहमीचा माणूस सर्व्हर फेव्हरिटमध्ये टाकून ठेवतो, आणि तिथं जपला जातो तो आयपीच, नाव नव्हे. त्यामुळे ज्यांच्याकडे कुणाचा फोन नंबर नव्हता ते सगळे एका रात्रीत तुटले. त्यांना तिथं सर्व्हर बंद दिसतोय. आपण उठून दुसरीकडे गेलोय हे त्यांना कळायचा मार्ग नाही. एरवी यादीत नाव टाकून शोधलं असतं, पण यादीत त्याच धर्तीच्या नावांचे खोटे सर्व्हर आधी येतात. शोधायला गेलेला माणूस त्यातल्या एकात शिरतो, बटणं बदलून घेतो आणि वैतागून गेम काढून टाकतो. म्हणून मी या यादीवर एवढा चिडतो. दहा-बारांचा सर्व्हर एवढ्याने रिकामा होऊ शकतो.

इचलकरंजीवाला सापडला. दुबईचे दोघं आले. जळगावच्या ऑपवाल्याचा मात्र अजून पत्ता नाही, त्याचं खरं नावही कुणाला ठाऊक नाही.

व्हीआयपीसाठी मी एक रुपया देणार नाही हे आजही ठाम आहे. नव्या व्हीपीएसच्या भाड्यात मात्र दर महिन्याला माझा वाटा टाकतो. हा खर्च एकट्या ॲडमिनने का सोसावा? त्याने आधी नको म्हटलं, आता घेतो.

कुणाला यायचं असेल तर मूळ प्रत घ्या, सेलची वाट बघा, पूर्ण किंमत देऊ नका. कोणत्याही सर्व्हरवर जाण्याआधी ती फिल्टरची सेटिंग १ करा आणि कॉन्फिग फाइलची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. यादीतून आम्हाला शोधू नका, ओळखीच्या खेळाडूकडून आयपी घ्या. आणि फेव्हरिटमधल्या सर्व्हरवर भेटणाऱ्या लोकांचे फोन नंबर आजच मागून ठेवा. रात्री दहानंतर आम्ही असतो, शनिवारी असॉल्ट.