वळणावर शरीर कुठे ठेवायचं: गाडीच्या रेषेत की आतल्या बाजूला?

५० मीटर त्रिज्येच्या वळणावर मोटरसायकलचा वेग ताशी ६० किमी असेल, तर गाडी आणि स्वार मिळून सुमारे ३० अंश आत झुकावंच लागतं. हा झुकाव टळत नाही. त्यातला किती गाडीने घ्यायचा आणि किती शरीराने, एवढंच आपल्या हातात.

गाडीच्या रेषेत बसलात तर शरीर सैल राहतं, दमायला होत नाही, अचानक खड्डा आला तर दिशा बदलणं सोपं जातं. रोजच्या रस्त्यावर मला हेच पुरेसं वाटतं.

आत सरकलात तर तोच वेग गाडी कमी झुकवून साधतो. टायरची कड शिल्लक राहते, म्हणजे आणखी झुकायला जागा उरते, आणि ओल्या रस्त्यावर ही शिल्लक फार मोलाची. पण सरकायचं ब्रेक लावण्याआधीच. वळणाच्या मध्यात हललात तर गाडी डगमगते. बाहेरच्या मांडीने टाकी घट्ट धरा, हात मोकळे ठेवा. हँडलला लटकणारे बरेच दिसतात, आणि नेमका तोच ताण गाडीला वळू देत नाही. सीटवरून अर्धं बाहेर येणं शर्यतीच्या ट्रॅकसाठी ठीक. रस्त्यावर खांदा आणि हनुवटी आतल्या आरशाकडे नेली तरी फरक जाणवतो.

गाडी झुकवताना आतल्या हँडलला पुढे हलका दाब मात्र दोन्ही पद्धतींत लागतोच.